बरोबर वाटणारं चुकीचं उत्तर

वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेत सचिवांनी मला माझंच पुस्तक दाखवलं. लोखंडी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातून वजनकाट्याचा दाखला बाजूला केला, यंत्राचं गॅरंटी कार्ड बाजूला केलं आणि त्याखालून ते काढलं. कारखान्यातून निघताना घातलेली प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीसकट तशीच होती. "एक पान हललेलं न्हाई मॅडम," ते म्हणाले. आवाजात अभिमान होता. कंपनीची बाई तपासायला आली आहे आणि आपण वस्तू नीट जपली आहे, असा.

ते १४८ पानांचं मॅन्युअल लिहायला मला चार महिने लागले होते.

यंत्र दूध तपासायचं. दिसायला मिक्सरपेक्षा थोडं थोराड. वाटीतल्या दुधात नळी बुडवायची, बटण दाबायचं, ते दुधातून ध्वनिलहरी पाठवतं आणि मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, पडद्यावर येतं. काम एवढंच, पण त्या आकड्यांवर घरं चालतात. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो. त्याच्या वर-खाली गेलं की पॉइंटागणिक पैसे वाढतात किंवा कटतात. दशांश चिन्हापुढचा एक आकडा हलला, की दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारात तो दिसतो. गावात कुणी "यंत्राने अमुक मूल्य दर्शवलं" म्हणत नाही. "आज फॅट किती लागली?" असं विचारतात, जणू लॉटरी लागावी तशी.

तोवर मी अकरा वर्षं टेक्निकल रायटिंग केलं होतं आणि एखाद्या वापरणाऱ्याच्या हातात, निदान कपाटात, माझं मॅन्युअल पहिल्यांदाच बघत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पुण्यातल्या ऑफिसात बसून मी ज्या माणसाला "युजर" म्हणत होते, त्याच्या घरचा चहा तोवर कधी प्यायले नव्हते.

या धंद्याबद्दल मला आजही प्रेम आहे, ते आधी सांगून टाकते. टेक्निकल रायटिंगची एक शिस्त असते आणि ती अंगात भिनते. एका पायरीत एकच कृती. धोक्याची सूचना पायरीच्या आधी, नंतर नाही, कारण माणूस आधी बटण दाबतो आणि मग पुढची ओळ वाचतो. एका वस्तूला एकच नाव, शेवटच्या पानापर्यंत. फ्रेममेकर या लिखाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात केली, मग रोबोहेल्प झालं, पुढे डिटा ही लिहिण्याची पद्धत आली. डिटामध्ये लिखाणाचे तुकडे करतात: कृती, संकल्पना, संदर्भ. एकदा लिहायचं आणि पाच ठिकाणी वापरायचं. मला ते फार आवडायचं. घरातसुद्धा डाळींचे डबे मी त्याच पद्धतीने लावायला लागले होते, असं नवरा म्हणतो.

आणि मॅन्युअलमध्ये एक गोष्ट कधी नसते. चुकीची पायरी. आमचं सगळं पुनरीक्षण, सगळ्या लाल खुणा त्यासाठीच असतात. कागदावर फक्त बरोबर तेच उतरलं पाहिजे.

२०१९ साली आमची रायटर मंडळींची टीम आकसली. कारणं नेहमीचीच. "छापील मॅन्युअल कोण वाचतं" हे वाक्य मीटिंगमध्ये आमच्या तोंडावर म्हणायला लोक लाजेनासे झाले होते. मला विचारलं गेलं की ट्रेनिंगच्या टीममध्ये जातेस का, इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे कोर्स आखणारी, म्हणून. "तुला लिहिता येतंच की, तेच स्लाइडवर टाकायचं." विचारणाऱ्याला ते खरं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

त्यामुळे मी पहिला कोर्स केला तो अगदी तसाच. ६२ स्क्रीन. यंत्राची ओळख, भाग, जोडणी, तपासणी, साफसफाई, कॅलिब्रेशन, समस्या आणि उपाय. मॅन्युअलची अनुक्रमणिकाच, फक्त प्रत्येक पानाखाली "पुढे" असं बटण. वर पुण्यातल्या एका स्टुडिओत स्वच्छ आवाजाच्या बाईंकडून सगळा मजकूर वाचून घेतला. पडद्यावर जे लिहिलं आहे तेच, अक्षरशः तेच, कानातही. नंतर कळलं की रिचर्ड मायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर प्रयोग केले आहेत. चित्र, त्याचं निवेदन आणि शिवाय त्याच निवेदनाचा मजकूर, असं तिन्ही एकदम दिलं तर शिकणं सुधारत नाही, उलट बिघडतं. डोळ्याने वाचायचं की चित्र बघायचं की ऐकायचं, यातच डोकं खर्ची पडतं. मला हे आधी सुचायला हवं होतं. बायको बोलत असताना पेपर वाचणाऱ्या माणसाला दोन्हींतलं काय कळतं, हे कुठल्याही घरात दिसतं.

कोर्स संस्थांच्या सचिवांना आणि टेस्टरना, म्हणजे दूध तपासणाऱ्यांना, मोबाइलवर पाठवला. सुरुवातीला एक भानगड झाली. अर्ध्यात सोडून परत उघडलं की पहिल्या स्क्रीनपासून सुरू व्हायचा. ऑनलाइन कोर्ससाठीच्या स्कॉर्म १.२ या मानकात माणूस कुठवर आला हे साठवायला जेमतेम ४०९६ अक्षरांची जागा असते, आणि माझे ६२ स्क्रीन त्यात मावत नव्हते. हे शोधण्यात दोन रात्री गेल्या. आता वाटतं, ते मानक मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होतं.

तरी पूर्ण करणाऱ्यांचा आकडा शंभर टक्के आला. पूर्ण केल्याशिवाय यंत्र दुरुस्त करायला माणूस पाठवणार नाही असं कंपनीने कळवलं होतं, म्हणून आला. शेवटी "कोर्स कसा वाटला?" याला सगळ्यांनी पाचपैकी पाच चांदण्या दिल्या. आणि तक्रारींचे फोन पहिल्याइतकेच येत राहिले. "आकडे रोज बदलतात." "मशीन खोटं दाखवतं." "माणूस पाठवा."

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मोजमापाचे चार टप्पे मांडले: आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि त्यातून फरक पडला का. माझ्या चांदण्या पहिल्या टप्प्यातच संपत होत्या.

आमची टीम लीड माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होती. तिने तक्रारींची यादी समोर ठेवली आणि एकच प्रश्न विचारला. "दूध ढवळून घ्यायचं असतं, हे यांतल्या किती जणांना माहीत नाही?"

मी म्हटलं, "सगळ्यांना माहीत असणार गं. दुधातच जन्म गेलाय त्यांचा."

"मग तू त्यांना काय शिकवलंस?"

म्हणून मी वाळव्याला गेले.

सकाळी सहाला रांग लागलेली होती. किटल्या, कॅन, दोन सायकली, शाळेच्या कपड्यातली एक मुलगी. टेस्टरचं काम सचिवांचा पुतण्या करत होता. त्याचा हात विलक्षण वेगवान. कधी किटलीत वरूनच वाटी बुडवायचा, कधी किटली काट्यावर ओतून झाल्यावर तळाला राहिलेलं वाटीत घ्यायचा. साय वर चढते, हे सांगायला पुस्तक नको. वरून घेतलं की फॅट जास्त, तळातून घेतलं की कमी. शिवाय नुकत्याच काढलेल्या दुधात हवेचे बुडबुडे असतात आणि ध्वनिलहरीवर चालणाऱ्या यंत्राला ते अजिबात सोसत नाहीत. हे सगळं माझ्या मॅन्युअलमध्ये पान ५७ वर होतं, चौकटीत, ठळक अक्षरात.

दूध एकजीव करायचा प्लंजर होता कुठे? दाराजवळच्या खिळ्याला. म्हणजे रांगेच्या पलीकडे. तो आणायचा तर दर वेळी सात-आठ माणसं ओलांडून जायचं आणि परत यायचं. पुतण्याला विचारलं, प्लंजर का नाही मारत? तो माझ्याकडे बघून हसला. "म्यॅडम, साडेसातला टँकर येतोय की."

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाईप या दोघा अमेरिकनांनी १९७० साली एक साधी कसोटी मांडली. माणूस एखादं काम नीट करत नसेल, तर आधी बघा की जिवावर बेतलं तर तो ते करू शकेल का. करू शकत असेल, तर अडचण शिकण्याची नाही. प्रशिक्षण दिल्याने ती सुटणार नाही. मी ही कसोटी प्रशिक्षणाच्या वहीत आधीच उतरवून घेतली होती, छान अक्षरात. पण त्या खिळ्याकडे बघेपर्यंत ती मला कळलेली नव्हती.

सचिवांना म्हटलं, अण्णा, हा खिळा इथे काट्याशेजारी मारला तर? त्यांनी लगेच पुतण्याला हातोडी आणायला पिटाळलं. त्या वर्षभरातलं माझं सगळ्यात परिणामकारक इन्स्ट्रक्शनल डिझाइन बहुतेक तेच. ते कुठल्याही रिझ्युमेवर लिहिता येत नाही.

खिळ्याने सगळं सुटतं असं मात्र नाही. काही गोष्टी खरंच शिकायच्या होत्या. आकडा विचित्र आला तर काय करायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. प्रत्येकाची आपापली पद्धत होती. आणि इथे मला कळलं की लिहिता येणं आणि हे काम येणं यांच्यात केवढं अंतर आहे.

मॅन्युअल म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी. माणूस अडला की येतो, विचारतो, उत्तर घेऊन चालू लागतो. त्याने प्रश्न सोबत आणलेला असतो. कोर्सला बसलेला माणूस प्रश्न घेऊन आलेला नसतो. त्याला कुणीतरी बसवलेलं असतं. त्याच्या मनात आधी प्रश्न उभा करावा लागतो, आणि त्याला तो स्वतःचा वाटावा लागतो.

लीड म्हणाली, स्क्रीन नकोत, एक प्रसंग लिही. मी लिहिला. रखमाबाईंची म्हैस. काल फॅट ६.८ लागली, आज ४.९. मागे वीस माणसं उभी. रखमाबाई म्हणतात, "मशीन बिघडलंय तुजं." तुम्ही काय कराल? आणि खाली तीन पर्याय.

पहिल्या खेपेला मी लिहिलेले पर्याय आठवले की आजही कसंतरी होतं. एक: रखमाबाईंना घरी पाठवा. दोन: यंत्र बंद करा. तीन: दूध प्लंजरने एकजीव करून, फेस बसू देऊन, स्वच्छ वाटीत नवा नमुना घ्या व पुन्हा तपासणी करा. लीडने ते बघितलं आणि म्हणाली, "मला दुधातलं ओ की ठो कळत नाही, पण उत्तर तीन आहे. सगळ्यात लांब तेच आहे."

अकरा वर्षं मी बरोबर काय तेच लिहीत आले होते. बरोबर उत्तर लिहिताना हात आपोआप सावध व्हायचा, अटी घालायचा, शब्द मोजायचा. चुकीचं उत्तर मला लिहिताच येत नव्हतं. मी जे लिहीत होते ती चूक नव्हती, मूर्खपणा होता. खरी चूक शहाण्या माणसाची असते. तिच्यामागे काहीतरी तर्क असतो, घाई असते, मागे कधीतरी चाललेली युक्ती असते. चांगलं चुकीचं उत्तर वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे: अरे, मी हेच केलं असतं.

अशी उत्तरं टेबलापाशी बसून सुचत नाहीत. ती माणसांकडे असतात. मग मी आमच्या सर्व्हिस इंजिनिअरकडे गेले. मी टेक्निकल रायटर असतानाही हे गृहस्थ माझे एसएमई होते, म्हणजे विषयातले जाणकार. तेव्हा माझा प्रश्न असायचा, "हे कसं चालतं?" आणि ते दोन ओळींत उत्तर देऊन घड्याळाकडे बघायचे. आता विचारलं, "नवा टेस्टर कुठे चुकतो?" तर दीड तास बोलले. चहा दोनदा मागवला. गायीच्या चॅनेलवर म्हशीचं दूध तपासणारे, सकाळची साफसफाई संध्याकाळवर आणि संध्याकाळची देवावर ढकलणारे. त्यातच हेही निघालं: आकडा पटला नाही की लोक तीच वाटी परत नळीखाली धरतात. आकडा साहजिकच जवळपास तोच येतो. मग टेस्टर छातीठोकपणे सांगतो, बघा, दोनदा बघितलं, मशीन ठीक आहे.

हे होतं माझं चुकीचं उत्तर. काय देखणं होतं! ते वाचताना सावधपणाचंच वाटतं. दोनदा तपासलं की आणखी काय हवं?

पुढे काय होतं तेही दाखवायचं होतं. मी आधी सवयीने लाल फुली आणि "चूक. कृपया पुन्हा प्रयत्न करा" असं टाकलं होतं. ते काढलं. तीच वाटी परत धरली, तर पडद्यावर ४.९ येतं, रखमाबाई काही न बोलता किटली उचलतात, रांग पुढे सरकते. सगळं सुरळीत. मग तिसरा दिवस. रांगेत रखमाबाई नाहीत. रस्त्यावर खाजगी डेअरीचा टेम्पो उभा आहे आणि त्यात त्यांची किटली चढते आहे. बस. खाली एक ओळसुद्धा नाही.

टेक्निकल रायटर म्हणून माझं सगळं कसब चूक होऊ नये यासाठी होतं. इथे चूक घडू द्यायची होती. जिथे दूध सांडत नाही आणि कुणाचा पगार कटत नाही, अशा जागी. हा बदल कागदावर एका ओळीचा आहे. माझ्या हाताला वळायला दोन वर्षं लागली.

आवाजही बदलला. पहिला कोर्स ऐकून सचिव म्हणाले होते, "बातम्या लागल्यागत वाटतंय." त्यात "नमुना एकजीव करून घ्यावा" असं होतं. दुसऱ्या कोर्सात तिकडचाच एक मुलगा बोलतो आणि म्हणतो, "आधी प्लंजर मार." पूर्ण कोर्स चार प्रसंगांचा, अकरा मिनिटांचा. पहिल्या कोर्सातले बाकीचे स्क्रीन कुठे गेले? मॅन्युअलमध्ये. जिथे ते आधीपासून होतेच.

पुढे वाचताना जॉन कॅरोल भेटले आणि गंमत वाटली. आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, ते वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्यांचं निरीक्षण करत होते. ही माणसं पुस्तिका क्रमाने वाचतच नव्हती. मध्येच उडी मारायची, काहीतरी दाबायची, अडकायची. कॅरोल यांनी त्यांना वाचायला लावण्याचा नाद सोडला. पुस्तिका आखूड केली, खऱ्या कामापासून सुरुवात केली, आणि अडकलात तर बाहेर कसं यायचं, यालाच जागा दिली. टेक्निकल रायटिंगमधल्या "मिनिमलिझम"चा उगम हाच. म्हणजे ज्या शिस्तीचं नाव मी इतकी वर्षं "कमी शब्द वापरा" एवढ्याच अर्थाने घेत होते, तिचं मूळ शिकणाऱ्या माणसाच्या चुकांत होतं. मी दुसऱ्या गल्लीत शिरले असं समजत होते, आणि निघाले त्याच वाड्याच्या मागच्या दारात.

जानेवारी २०२५ मध्ये एसटीसी, टेक्निकल कम्युनिकेशनवाल्यांची ती जुनी अमेरिकन संस्था, दिवाळखोरी जाहीर करून बंद पडली. तेव्हापासून आमच्या जुन्या ग्रुपवरून दर महिन्याला कुणीतरी विचारतं, इकडे, कोर्सच्या कामात, येऊ का, कसं यायचं. सर्टिफिकेट कुठलं करू? स्टोरीलाइन शिकू की कॅप्टिव्हेट? कोर्स बनवायचं टूल महिन्याभरात येतं, त्याची काळजी नको. मुलाखतीला जाताना दाखवायला काहीतरी हवं, हे मात्र खरं. पुढे मी कंपनी बदलली तेव्हा माझं सगळं काम गोपनीयतेच्या कराराखाली होतं, दाखवायला शून्य. मग सोसायटीच्या वॉचमनकाकांसाठी चार मिनिटांचा एक कोर्स केला: लिफ्ट अडकली तर. तोही आधी त्यांच्याबरोबर बसून. तिथलं देखणं चुकीचं उत्तर म्हणजे दार ओढून उघडणं. आतलं माणूस ओरडत असताना बाहेरच्याने हात बांधून लिफ्टवाल्या कंपनीला फोन करायचा आणि आतल्याशी नुसतं बोलत राहायचं, हे बरोबर असलं तरी हातांना पटत नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी तो कोर्स केला आणि दोघांनीही दार उघडलं. नोकरी मिळाली.

अवघड जाईल ते एकच, आणि ते मी कुणाला फोनवर नीट सांगू शकलेले नाही: "समजेल" हा शब्द सोडणं. मेगर यांनीच १९६२ मध्ये लिहून ठेवलंय की उद्दिष्ट असं हवं, जे माणूस करताना डोळ्यांनी दिसेल. "टेस्टरला नमुन्याचं महत्त्व समजेल", हे दिसणार कसं? रायटरला हे फार जिव्हारी लागतं. आपण स्पष्ट लिहिलं की समोरच्याला समजतं, या श्रद्धेवरच तर आपलं पोट होतं.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून परतताना वाट वाकडी करून वाळव्याला गेले. आता त्या कंपनीशी माझा संबंध नाही, नुसती उत्सुकता. खिळा काट्याशेजारीच होता आणि प्लंजर ओला होता. पुतण्या पोलीस भरतीच्या तयारीला इस्लामपूरला राहतो, टेस्टर म्हणून नवा मुलगा आलाय, विशीचा, चुणचुणीत. सचिवांनी ओळख करून दिली, "कोर्स ह्यांनीच केलाय, रखमाबाईचा." तो हसला. रखमाबाई त्याला पाठ होत्या.

गर्दी सरल्यावर मी सहज विचारलं, "खरंच असं झालं, काल ६.८ आणि आज ४.९, आणि रांग थांबलेली, तर काय करतोस?"

त्याने आधी सचिव बाहेर गेलेत ना बघितलं. मग कॉम्प्युटरकडे बोट केलं. "ह्यात म्यॅन्युअल एंट्री हाय की. कालचीच फॅट टाकतो. ६.७ टाकतो, डिट्टो टाकली तर वळखू येतं."

यंत्र बंद पडलं तर हाताने आकडा भरता यावा म्हणून ती सोय होती. पान १०३. मीच लिहिलं होतं, पाच पायऱ्यांत, एकही चूक न करता.

मी पर्समधून वही काढली आणि त्याला म्हटलं, परत सांग बरं, सावकाश.